सतरा उत्तर, त्र्याहत्तर पूर्व

भूउंचीची ‘एन १७ ई ०७३’ ही फाइल मला अजून तोंडपाठ आहे. १७ ते १८ अक्षांश, ७३ ते ७४ रेखांश एवढा चौकोन. गुहागरचा समुद्र, दाभोळची खाडी, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयना धरण आणि पाचगणीचं टेबललँड, सगळं तिच्यात. पाचगणीला पॅराग्लायडर घेऊन उडायचं आणि गुहागरला घरी येऊन ते उड्डाण संगणकावर उलगडायचं, तर ही एकच फाइल पुरे. रत्नागिरी शहर मात्र थोडक्यात हुकतं.

हल्ली उड्डाणाची नोंद सॉफ्टवेअरमध्ये टाकली की खालचे डोंगर आपोआप उगवतात. २००५च्या आसपास ते स्वतः उभे करावे लागत. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून ११ दिवस पृथ्वीची उंची रडारने मोजली होती. त्यातली साधारण दर ९० मीटरला एक उंची आपल्याला मिळे. फाइल जेमतेम २.८ एमबीची, पण चिपळूणच्या सायबर कॅफेत तीही उतरता उतरत नसे, आणि मध्येच भारनियमन. विजेचा एवढा मोठा प्रकल्प आमच्याच तालुक्यात, अंजनवेलला. तो तेव्हा २००१पासून बंद पडलेला होता. पेन ड्राइव्ह खिशात जपत एसटीने गुहागर गाठायचं.

खरं काम पुढेच. १,२०१ ओळी, प्रत्येकीत १,२०१ आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटचा. बाइटचा क्रम उलटा वाचला गेला की जमीन वेडीवाकडी उसळे, समुद्र मात्र जागच्या जागी शांत. शून्य उलटं केलं तरी शून्यच. मग सॉफ्टवेअरमधली ती एक खूण-चौकट शोधून बदलायची.

आणि भोकं! रडार तिरकं बघतं, त्यामुळे सरळसोट कड्याची एक बाजू त्याला दिसतच नाही. अशा जागी फाइलीत उणे ३२,७६८ हा आकडा असे. सॉफ्टवेअर तो इमानदारीने उंची समजून चितारी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी बत्तीस किलोमीटर खोल विहिरी पडत. भोकं बुजवणारे प्रोग्राम होते, पण ते काठावरच्या उंच्या जोडून मधला अंदाज बांधत. कड्याचा उतार होऊन जाई. सर्वेक्षण खात्याचे नकाशे पाहावेत, तर किनारपट्टीचे नकाशे सर्वसामान्यांना बंद. म्हणून जुन्या ट्रेकरांना गाठायचं. कडा एका दमात कोसळतो की मध्ये टप्पा आहे? टप्प्यावर झाडी किती? त्यांची उत्तरं ऐकत आकडे भरायचे. संगणकासमोर बसून मी सह्याद्री जितका शिकलो, तितका चालूनही नाही.

आणखी एक घोळ म्हणजे काही यंत्रं जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजत. कोकणात खरी समुद्रसपाटी त्याच्या साठ मीटरहून जास्त खाली. त्यामुळे गुहागरात व्याडेश्वराच्या देवळासमोर उभं राहून नोंद घेतली, तर पडद्यावर आपण जमिनीत गाडलेले! हा फरक आता सॉफ्टवेअर परस्पर मिटवतं. माडांचं मात्र अजून जमलेलं नाही. रडारला झावळ्या आणि जमीन यांतला भेद नीट कळत नाही, म्हणून आमच्या वाड्यांची जमीन आजही थोडी फुगलेलीच.

२०१४मध्ये ३० मीटरची माहिती जगाला खुली करायची घोषणा झाली. आपल्या कार्टोसॅट उपग्रहांची माहिती ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळू लागली, नकाशांवरची बंधनंही २०२१मध्ये बरीच सैल झाली. ते जुने दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र खटकते. भोकं आता बुजवूनच येतात. कुठे मोजलं आणि कुठे अंदाज केला, याची नोंद वेगळ्या फाइलीत असते, पण ती उघडतो कोण? पडद्यावर सगळेच डोंगर सारखेच खात्रीचे दिसतात.

परवा भाच्याच्या उड्डाणाची रेषा एका कड्यालगत चक्क डोंगराच्या पोटातून गेली होती. “मामा, जीपीएस गंडलंय,” तो म्हणाला. मी त्याला ती दुसरी फाइल उतरवायला लावली. तेवढ्या पट्ट्यात मोजणी नव्हतीच. कड्याचा उतार करून टाकला होता, आणि पठ्ठ्या उडाला होता त्या मोकळ्या हवेत डोंगर भरला होता. यंत्र दुरुस्तीला पाठवायचा त्याचा बेत तेवढा रद्द झाला.