फोर्टात बघा तिकिटाची पाठ

पाचशेची नोट हातात आली की आपण काय करतो? उजेडात धरतो. पांढऱ्या जागेत गांधीजी दिसले की नोट खिशात. हा फंडा नोटांपेक्षा कितीतरी जुना आहे. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागदवाल्यांनी तो तेराव्या शतकातच सुरू केला होता. पण पोस्टाच्या जुन्या तिकिटांतही असाच वॉटरमार्क लपलेला असतो, हे किती जणांना माहीत आहे? शाळेत असताना आपण सगळ्यांनीच तिकिटं जमवली. पाकिटाचा कोपरा कापून पाण्यात भिजवला, तिकीट सोडवलं, वहीत चिकटवलं. दहावीच्या वर्षी वही माळ्यावर गेली. तिकिटाची पाठ बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ती पाठ बघणारी माणसं भेटायची असतील तर एखाद्या शनिवारी फोर्ट गाठा. सीएसएमटीला उतरलात की शेजारीच जीपीओ. रोज लोकल पकडायच्या घाईत आपण तिच्याकडे मान वर करून बघत नाही, पण एकदा बघाच. जॉन बेग या आर्किटेक्टने विजापूरच्या गोलघुमटावरून प्रेरणा घेऊन हा घुमट उभारला, १९१३ साली इमारत पूर्ण झाली. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, ध्रांगध्र्याचा पांढरा. आत फिलाटेलिक ब्युरोच्या काउंटरवर नवीन तिकिटं मिळतात, ती चकचकीत आणि सुंदर असतात. पण आमचं काम जुन्यांशी होतं, म्हणून आम्ही फोर्टातल्या एका गल्लीत, लाकडी जिन्याच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र. तो आयटीत आहे, राहतो डोंबिवलीला. त्याच्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेत त्या दिवशी लॅपटॉपऐवजी त्याच्या बाबांचे दोन अल्बम होते. बाबा बँकेत क्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आता घर रिकामं करायचंय आणि ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने अल्बमचे एकगठ्ठा आठ हजार देऊ केलेत. सोमवारपर्यंत सांगायचं होतं. ‘‘देऊन टाकतो गं,’’ तो ट्रेनमध्ये म्हणाला होता. ‘‘अर्धे तर डुप्लिकेट आहेत. बाबांनी एकच तिकीट दहा-दहा वेळा लावलंय.’’

आणि प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. कुठे ‘ता.’, कुठे ‘सिं.’. मित्राचा अंदाज असा की ‘ता.’ म्हणजे तारीख आणि ‘सिं.’ म्हणजे सिंध. पण तारीख कुठे लिहिलेली नव्हती आणि तिकिटं तर स्वतंत्र भारताची.

दुकानदार काका सत्तरीचे. त्यांनी अल्बम उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, ‘‘बाळा, तुझे बाबा वॉटरमार्क बघायचे.’’

पान होतं नकाशाच्या तिकिटांचं. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली, आणे गेले, नये पैसे आले. त्याबरोबर भारताच्या नकाशाची ही साधी, छोटी तिकिटं निघाली. पाच नये पैशांची दोन हिरवी तिकिटं शेजारी शेजारी होती. मी भिंगातून बघितलं. तोच नकाशा, तीच अक्षरं, तेवढेच दाते. काकांनी चिमट्याने दोन्ही उचलली. (बोटाने उचलायची नाहीत बरं का, घाम लागतो.) टेबलावर छोटा काळाभोर ट्रे होता, त्यात ती पालथी ठेवली. मग बाटलीतून बेन्झिनचे चार थेंब. त्याआधी त्यांनी एका फाटक्या तिकिटावर बेन्झिन टाकून बघितलं होतं, कारण ही फोटोग्रॅव्हिअरची छपाई आणि त्यातली काही शाई बेन्झिनमध्ये विरघळते. खिडकी मात्र सताड उघडी आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नाही, कारण बेन्झिन भस्सकन पेटतं.

कागद ओला झाला आणि एका तिकिटाच्या पाठीवर काळपट तारे उमटले. दुसऱ्यावर अशोकस्तंभाचे सिंह. मोजून काही सेकंद. मग बेन्झिन उडालं आणि पुन्हा दोन कोरे कागद. मित्र काहीच बोलला नाही. त्याने फक्त अल्बमकडे बघितलं. एकाखाली ‘ता.’, दुसऱ्याखाली ‘सिं.’.

गंमत समजून घेण्यासारखी आहे. कागद बनताना लगदा ओला असतो, तेव्हाच त्यावरून तारेची नक्षी लावलेला रूळ फिरवतात. नक्षी टेकते तिथे लगदा पातळ होतो. वाळल्यावर डोळ्याला फरक कळत नाही, पण उजेडात धरलं तर पातळ जागेतून जास्त उजेड येतो आणि ओलं करून काळ्यावर ठेवलं तर तिथून काळं डोकावतं. खोटं तिकीट छापणारा चित्राची नक्कल करेल, शाई जुळवेल, पण असा कागद कुठून आणणार? म्हणून सरकारं हा उद्योग करत आली. १८४० मध्ये इंग्लंडने जगातलं पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, काढलं त्यातही छोटा मुकुट होताच.

आपल्याकडे तर कागद बदलला की राज्यकारभाराचा पत्ताच बदलल्यासारखं वाटतं. व्हिक्टोरिया राणीची तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीत छापली जायची. आधीच्या तिकिटांत वॉटरमार्क नाही, १८६५ पासून हत्तीचं डोकं आणि १८८० च्या दशकात तारा. (कंपनी सरकारचं राज्य १८५८ ला संपलं, तरी तिकिटांवर ‘ईस्ट इंडिया’ १८८२ पर्यंत होतं. सरकारी खातं ते!) मग १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, पुढच्या वर्षापासून तिकिटं तिथे छापायला लागली आणि कागदावर एका ताऱ्याऐवजी ताऱ्यांच्या ओळी आल्या. तुम्ही पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला जात असाल तर उतरता तेच हे नाशिकरोड.

मला सगळ्यात भारी वाटली ती ‘जय हिंद’ची गोष्ट. २१ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं, साडेतीन आण्यांचं, वर डौलात तिरंगा. पाठीमागे? तेच इंग्रजांच्या वेळचे तारे. नकाशाच्या तिकिटांतसुद्धा सुरुवातीला तारे होते आणि १९५८ पासून सिंह आले. म्हणजे समोर स्वातंत्र्य आलं, पाठीला पोचायला अकरा वर्षं लागली. मित्राच्या बाबांचे ते ‘डुप्लिकेट’ म्हणजे नेमका हा बदल होता, पाच पैशांपासून वरपर्यंत एकेक किंमत गाठून लावलेला.

पैशांचं विचारलंच मित्राने. काका सरळ बोलले, ‘‘नकाशाच्या तिकिटांना फारसं काही येत नाही. तारा काय, सिंह काय.’’ मग राणीचं पान उघडलं. तिथे ‘ह.’ होता, तो हत्ती हे आता आम्हीच ओळखलं. आणि त्याच पानावर कोपऱ्यात, एकटंच, निळं अर्ध्या आण्याचं १८५४ चं तिकीट. दाते नसलेलं, कात्रीने कापलेलं. त्याच्याखाली बाबांनी फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं.

काका या तिकिटावर बराच वेळ थांबले. ट्रे, बेन्झिन. काही दिसलं नाही. मित्राचा चेहरा पडला. ‘‘थांब,’’ काका म्हणाले. ‘‘हे कलकत्त्यात छापलेलं. कागदावर ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह असायचं, पण एकच, अख्ख्या शीटवर पसरलेलं. कुठल्या तिकिटाला चिन्हाची एखादी रेघ मिळायची, कुठल्याला काहीच नाही. त्यामुळे दिसलं नाही म्हणजे खोटं, असं नाही. आणि याच्या नकलाही ढिगाने आहेत, म्हणजे खरंच असंही नाही.’’ स्वतः विकत घेतो का, असं मी विचारल्यावर त्यांनी मान हलवली. आधी तज्ज्ञांचं सर्टिफिकेट काढा, मग ज्याला द्यायचं त्याला द्या. तपासणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, चहा मात्र आम्हालाच पाजला.

तुमच्याही माळ्यावर अशी वही असेल तर घरी बेन्झिनचे प्रयोग नकोत. आधी मोबाइलच्या टॉर्चवर बघा, बऱ्याच तिकिटांचं गुपित तिथेच फुटतं. गोंद असलेलं कोरं तिकीट पाण्यात तर मुळीच घालू नका. आणि वहीत कुणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर खोडू नका.

खाली उतरल्यावर मित्राने गल्लीतच व्यापाऱ्याला फोन लावला. निळं तिकीट एका पारदर्शक पाकिटात वेगळं घातलेलं होतं, शर्टाच्या खिशात. ‘‘सोमवारचं रद्द करतोय,’’ एवढंच म्हणाला. मग मला विचारलं, ते प्रश्नचिन्ह बाबांनी कधी काढलं असेल? आईला काही आठवत असेल का? डोंबिवली फास्ट यायला अजून बारा मिनिटं होती. त्याने आईला फोन लावला.