निशाणी ज्यूडिथची

शेक्सपिअरची धाकटी मुलगी सही करत नसे, निशाणी करत असे! परवा हे वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. शेक्सपिअरच्या गावातल्या, स्ट्रॅटफर्डमधल्या, एका घराचं १६११ सालचं खरेदीखत आहे, ज्यूडिथ त्यावर साक्षीदार. नाव दुसऱ्या कुणीतरी सराईत हाताने लिहिलेलं आणि तिथेच तिने काढलेलं एक वेडंवाकडं वेटोळं. दस्ताचं छायाचित्र मी मोठं करकरून पाहिलं. लेखणीची सवय नसलेला हात आहे तो, बघताक्षणी कळतं. आणि साल तरी कोणतं! त्याच वर्षी नोव्हेंबरात राजासमोर ‘द टेम्पेस्ट’चा प्रयोग झाला. त्यातला प्रॉस्पेरो राज्यापेक्षा आपल्या पुस्तकांना जास्त जपतो आणि लेकीला स्वतः शिकवतो.

आजोबांचीही तीच तऱ्हा. जॉन शेक्सपिअर हातमोजे शिवणारे. कागदावर ते धंद्यातला कंपास काढत, कधी नुसती फुली. हेच जॉन १५६८ मध्ये गावचे बेलिफ झाले, म्हणजे आजच्या भाषेत नगराध्यक्ष! आपल्या जुन्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते ना, अगदी तसंच हे. म्हणून पाटलाला कुणी अडाणी म्हटलं असतं का?

खरी गंमत तर पुढेच आहे. निशाणी केली म्हणजे वाचता येत नव्हतं, असं मुळीच नाही! त्या काळी इंग्लंडात पोरांना आधी फक्त वाचायला शिकवत. लाकडी फळीवर अक्षरांचा आणि प्रार्थनेचा कागद चिकटवायचा, वर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा. लिहिणं ही वेगळी विद्या, नंतर शिकायची. पीस तासून लेखणी करायची, शाई, कागद, सगळा खर्च वेगळा. कित्येक जण, त्यातही मुली, तिथवर पोचतच नसत. गावातले कापडव्यापारी एड्रियन क्विनी कागदपत्रांवर निशाणी करत. तेवढंच उरलं असतं तर आपण त्यांना निरक्षर ठरवून मोकळे झालो असतो. पण त्यांनी लिहिलेली पत्रं सापडलीत! ज्यूडिथ पुढे याच घरात सून म्हणून गेली, त्यांच्या नातवाची बायको होऊन.

थोरली सुझॅना मात्र सही करायची. १६३९ च्या दस्तावर तिची सही आहे. नवरा डॉक्टर जॉन हॉल, घरात पुस्तकांची खोली. त्याच्या मागे त्याच्या रुग्णांच्या नोंदवह्या सुझॅनाने जेम्स कुक नावाच्या एका वैद्याला विकल्या आणि १६५७ मध्ये त्या इंग्रजीत छापूनही आल्या. एकाच घरात, सख्ख्या बहिणींत केवढा हा फरक! मला तरी ज्यूडिथसाठी वाईट वाटतं.

आणि खुद्द शेक्सपिअर? मृत्युपत्रात पलंगाचा उल्लेख आहे, चांदीच्या भांड्याचा आहे, पुस्तकाचा एकही नाही. यावरून त्याच्याकडे पुस्तकंच नव्हती म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, त्याची नाटकं उघडा! हॉलिनशेडचा इतिहास, ओव्हिड, माँतेन्यचे निबंध, काय काय पचवलंय या माणसाने. पुस्तकं त्याला मिळत कुठे असतील? सर टॉमस नॉर्थने प्लुटार्कने लिहिलेली चरित्रं १५७९ मध्ये इंग्रजीत आणली. ती ज्या छापखान्यात छापली, तिथे रिचर्ड फील्ड नावाचा स्ट्रॅटफर्डचाच पोरगा त्याच वर्षी उमेदवारी करायला लागला. पुढे छापखाना त्याच्या हाती आला. १५९३ मध्ये शेक्सपिअरचं पहिलं छापील काव्य त्यानेच काढलं आणि १५९५ मध्ये प्लुटार्कची नवी आवृत्तीही! दोघांचे बाप एकाच गावातले, एक कातडी कमावणारा, एक हातमोजेवाला. गाववाल्याच्या छापखान्यात ताज्या शाईच्या वासात उभा राहून पानं चाळणारा शेक्सपिअर मला अगदी समोर दिसतो.

तुम्ही एवढं करा. नॉर्थचं प्लुटार्क आणि ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींतलं क्लिओपात्राच्या नौकेचं वर्णन काढा. सोनेरी नौका, जांभळी शिडं, चांदीची वल्ही, बासऱ्यांचा सूर, सगळं नॉर्थच्या गद्यात आहे. शेक्सपिअरने ते तिथून उचललं आणि वाऱ्यालाच त्या शिडांच्या प्रेमात पाडलं!