नव्वदच्या पुढची थरथर

गाडी घेताना आपण काय काय बघतो? मायलेज, डिकीत किती बॅगा मावतात, स्क्रीन किती इंची, रंग ऑफिसच्या पार्किंगमध्ये उठून दिसेल की नाही... यादी न संपणारी. टायरकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. चार काळी चाकं आहेत, ती फिरतात, संपला विषय! पण मंडळी, जरा विचार करा. शंभरच्या स्पीडने पळणारी तुमची अख्खी गाडी, आतल्या माणसांसकट, रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी. आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण आपल्या पंजाएवढी!

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. ते मिळालं सातारा-पुणे रस्त्यावर, आईला शेजारी बसवून.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी तपासणी. आई-बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. म्हणजे शनिवारी तिला घेऊन यायचं आणि रविवारी सोडून यायचं. ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जायचं तर गाडी टकाटक हवी, म्हणून मी चारही टायर नवे टाकले. दुकान चकाचक, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, काचेपलीकडे कॉम्प्युटराइज्ड बॅलन्सिंग. बिलावर चारही चाकांसमोर छापलेले शून्य-शून्य. झकास!

पहिल्याच शनिवारी खंबाटकी मागे टाकली, शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा नव्वदवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. मोबाइल व्हायब्रेटवर टाकून हातात धरावा तसं. सत्तरवर आणलं, थांबलं. पुन्हा नव्वद, पुन्हा थरथर. आई काही बोलली नाही. तिने फक्त खिडकीवरचं हँडल धरलं आणि पाठ सीटपासून थोडी पुढे घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, "सावकाश चल रे, घाई कुठे आहे आपल्याला?" आईच्या भाषेत याचा अर्थ 'दुखतंय' असा होतो. उरलेला सगळा रस्ता आम्ही ट्रकांच्या मागून काढला.

शून्य म्हणजे नक्की काय?

दुकानात परत गेलो. त्यांनी पुन्हा बॅलन्सिंग केलं. थरथर तशीच. तिसऱ्यांदा केलं. तशीच. मग अलाइनमेंट करा म्हणाले, तेही केलं. शेवटी मॅनेजरने गंभीर चेहरा केला, "सर, सस्पेन्शनचं काम काढावं लागेल," आणि २६ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. टायर बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत शंभरला लोण्यासारखी धावणारी गाडी, आणि सस्पेन्शन नेमकं टायर बदलल्यावर गेलं? हे काही पटेना. "विचार करून सांगतो" म्हटलं आणि निघालो.

ऑफिसातल्या एका कलीगने हायवेलगतच्या एका जुन्या टायरवाल्याचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आणि साठीच्या पुढचे एक काका. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी तीन प्रश्न विचारले.

"कितीला थरथरते? थरथर हाताला लागते की बुडाला? ब्रेक मारल्यावर वाढते का?"

खरं सांगतो, चकाचक दुकानात हे तीन प्रश्न कुणीच विचारले नव्हते. आणि सगळा फण्डा याच प्रश्नांत आहे. ठरावीक स्पीडला थरथर सुरू होत असेल, तर संशय चाकांवर. स्टिअरिंगला जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटमधून जाणवली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ब्रेकची डिस्क बघायची. अॅक्सिलरेटर दाबल्यावर येऊन पाय काढल्यावर जात असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट. आणि तीस-चाळीसलाच गाडी डुगडुगत असेल, तर रिम वाकलेली आहे किंवा टायरला फुगा आलाय. फुगा असेल तर त्या टायरवर हायवेला जायचंच नाही.

आणि अलाइनमेंट? तो वेगळाच विषय. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेला झिजत असेल, तर अलाइनमेंट. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. आपल्याकडे दोन्ही एकाच दमात उच्चारतात, भाजीबरोबर कोथिंबीर मागावी तसं. पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

तीस ग्रॅमचा हातोडा

तुम्ही म्हणाल, थोडं वजन इकडे-तिकडे झालं तर एवढं काय बिघडतं? मलाही तेच वाटायचं. म्हणून एकदा लंच अवरमध्ये गणित मांडलं. छोट्या गाडीचं चाक शंभरच्या स्पीडला सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं. रिमच्या कडेला नुसते ३० ग्रॅम जास्त असले, तरी त्या वेगाला ते चाकाला साडेचार किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढतात. म्हणजे चार-साडेचार किलोचा हिसका, सेकंदाला १५ वेळा! स्पीड निम्मा केला की हा जोर एक चतुर्थांश होतो. म्हणून तर शहरात पन्नासने जाताना काही कळत नाही. शिवाय स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची स्वतःची अशी एक लय असते. चाकाचे हिसके त्या लयीशी जुळले की थरथर एकदम उसळते. बऱ्याच गाड्यांत हे ऐंशी ते शंभरच्या मध्ये घडतं.

हे वजन घालवायला रिमला छोटी वजनं लावतात. साध्या लोखंडी रिमला क्लिपची, अलॉयला चिकटवायची. आतल्या बाजूला वेगळी, बाहेरच्या बाजूला वेगळी, कारण चाक नुसतं वरखाली उडत नाही, डावीउजवीकडेही डुलतं.

मग माझ्या बिलावरचे शून्य खोटे होते का? नाही! गंमत तीच आहे. काकांनी पुढचं डावं चाक मशीनवर चढवलं, फिरवलं, शून्य. ते सैल करून अर्धा फेरा वळवलं, पुन्हा कसलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा शून्य. चाक मशीनवर बरोबर मधोमध बसलंय की नाही, याची ही परीक्षा. मग त्यांनी टायरला जेमतेम लागणार नाही असा एक स्क्रू-ड्रायव्हर स्थिर धरला आणि चाक हाताने हळू फिरवलं. एका ठिकाणी टायर स्क्रू-ड्रायव्हरला घासला. बाकी सगळीकडे फट.

"हे बघा साहेब," ते म्हणाले, "वजन बरोबर आहे, पण चाक गोलच नाही. मशीन वजन सांगतं. गोल आहे का, ते डोळ्यांनी बघावं लागतं."

टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उठावदार रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. माझ्या टायरवर ती एका जागी रिममध्ये बुडालेली होती. टायरची कड रिमवर पूर्ण बसलीच नव्हती, आणि वरून वजनं ठोकून शून्य आणलेला होता. वजनं मोजली तर तब्बल ६५ ग्रॅम.

काकांनी हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं. टायरवर एक पिवळा ठिपका होता, तो फिरवून व्हॉल्व्हसमोर आणला. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा. रिम व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित जड असते, म्हणून या दोघांची जोडी जमवायची. मग हवा भरली. 'टप्प' असा आवाज आला आणि कड बसली. नव्याने बॅलन्स केल्यावर लागले फक्त २० ग्रॅम.

चाक लगेच चढवलं नाही. ते जिथे बसतं त्या हबवरचा गंज आणि वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने साफ केला. मध्ये एक पापुद्रा जरी राहिला, तरी मशीनवर सरळ फिरलेलं चाक गाडीवर तिरकं बसतं. नट आधी हाताने फिरवले, मग एकाआड एक असे, चांदणी काढावी तसे. आणि शेवटी जॅक उतरवून टॉर्क रेंचने. हवेच्या बंदुकीने धाडधाड कसायचं काम तिथे नव्हतंच. "शंभरेक किलोमीटर चालवून आणा, नट परत बघू," म्हणाले. चारही चाकांचं बिल हजाराच्या आत. सस्पेन्शनला कुणी हात लावला नाही.

पुढच्या वेळी टायरवाल्याकडे जाल तेव्हा...

मोबाइलमधून डोकं वर काढा आणि दहा मिनिटं उभे राहा. एवढं बघा:

- मशीनमध्ये रिमचा व्यास, रुंदी आणि अंतर हे तीन आकडे तुमच्या चाकाचे टाकलेत ना? की आधीच्या गाडीचेच आहेत?
- जुनी वजनं आणि रिमच्या आतला चिखल काढूनच चाक मशीनवर चढलंय ना?
- वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य दाखवला का?
- टायरवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने आहे का?
- बाहेरून अलॉय घेतले असतील तर त्यांचं मधलं भोक हबवर चपखल बसतं का? मोठं असेल तर मध्ये रिंग लागते.
- नवा टायर घेताना कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. 'नवा' टायर खरंच नवा आहे का ते तिथेच कळतं.

आणि थरथर सुरू झालीच, तर आधी स्वतःला ते तीन प्रश्न विचारा: कितीला, कुठे, कशाने वाढते? ही उत्तरं घेऊन गॅरेजमध्ये गेलात की समोरचा माणूस एस्टिमेट काढण्याआधी चाक काढतो.

त्यानंतरच्या शनिवारी आईला घेऊन निघालो. शिरवळ मागे पडलं, काटा नव्वदवर गेला, पुढे गेला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. हँडल धरलेलं नव्हतं. सीट मागे करून ती झोपली होती.