आल्प द्युएझच्या घाटात सात तास

निघताना अक्काने बजावले होते, "तिथे गेलास की त्याला स्पष्ट विचार, परत येणार की नाही." भाचा शिकायला म्हणून फ्रान्समध्ये ग्रेनोबलला गेला आणि नोकरी लागल्यावर तिथेच राहिला. २०२२ च्या जुलैत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा चकली-चिवड्याच्या डब्याबरोबर हा प्रश्नही होता.

त्याने माझ्यासाठी वेगळाच बेत आखला होता. १४ जुलै, तिथला राष्ट्रीय सण. त्या दिवशी टूर द फ्रान्सचा बारावा टप्पा आल्प द्युएझच्या माथ्यावर संपणार होता. सकाळी ले बूर-द्वाझाँ गावातून आम्ही पायी चढायला लागलो. रस्ता आपल्या चोर्ला घाटासारखा वळणांचा, गर्दी मात्र यल्लम्माच्या जत्रेची. १३.८ किलोमीटर चढ आणि २१ वळणे, तीही खालून वर उलटी मोजायची. प्रत्येक वळणावर विजेत्याच्या नावाची पाटी. इथला पहिला विजेता १९५२ चा फाउस्टो कॉप्पी. दहाव्या वळणाच्या थोडे वर आम्ही बस्तान ठोकले.

मग नुसती वाट पाहणे. ऊन असे की बेळगावच्या माणसानेही छत्री उघडावी. दुपारी मी अक्काचा प्रश्न विचारला. तो हसला. "आईनं पाठवलाय ना हा प्रश्न? मामा, माझ्याकडंच उत्तर नाही अजून." पुढे दोघेही बराच वेळ गप्प होतो.

सायकलस्वारांच्या आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक आली. आपल्याकडे लोक रथावर केळी-खारका फेकतात, इथे रथच लोकांवर टोप्या आणि खाऊ फेकत होता! माझ्या वयाचे गृहस्थ एका टोपीसाठी पोरांशी झटत होते. (टोपी मलाही मिळाली.)

संध्याकाळी डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरले. "मामा, कॅमेरा ठेवा. आले बघा!" मी ऐकले नाही. त्यामुळे टॉम पिडकॉक हा २२ वर्षांचा इंग्रज एकटाच पुढे गेला, तो मला फक्त पाठमोरा दिसला. तोच जिंकला. नंतर डोळे उघडे ठेवले. चार वेळा टूर जिंकलेला, २०१९ च्या भीषण अपघातातून सावरलेला क्रिस फ्रूम हाताच्या अंतरावरून गेला. तो त्या दिवशी तिसरा आला. पिवळ्या जर्सीतला विंगेगोर आणि त्याला चिकटलेला पोगाचार, दोघांचे श्वास ऐकू आले. टीव्हीवर हा चढ कधी चढ वाटत नाही.

मला वाटले, संपले. पण लोक हलेनात. बऱ्याच वेळाने मागच्यांचा घोळका आला. सपाटीवर वाऱ्यासारखे धावणारे हे गडी घाटात मात्र रखडतात. ठरलेल्या वेळेत माथा गाठला नाही तर शर्यतीतून बाद, म्हणून एकमेकांच्या सोबतीने चढतात. त्यांच्याही मागे एकटाच एक जण, तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ. सगळा घाट "आल्ले, आल्ले" ओरडत होता. भाचाही. पण तो अगदी जवळ आला तसा भाचा धारवाडी कन्नडमध्ये, हुबेहूब आपल्या वडिलांच्या आवाजात ओरडला, "नडी, नडी!"

सायकलस्वाराने वर पाहिले नाही.

उतरताना अंधारून आले. गर्दीत फोन वाजला. अक्काच. "विचारलास?"

मी फोन त्याच्या हातात दिला.