सिंधूची जबानी

मराठी घरात दारूचा प्रश्न उभा राहिला की ‘एकच प्याला’ची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने मद्यपी नवऱ्याच्या बायकोची एक प्रतिमा कायमची घडवून ठेवली. सिंधू दळण दळते, मूल सांभाळते आणि अखेरीस नवऱ्याच्या हातून झालेला घाव लपविण्यासाठी फौजदारापुढे खोटी जबानी देऊन प्राण सोडते. समीक्षकांनी सुधाकराच्या शोकात्मिकेविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्या जबानीकडे मात्र पातिव्रत्याचा कळस म्हणूनच पाहिले जाते. मीही तसेच पाहत आले होते. त्या जबानीचा वेगळा अर्थ मला चेन्नईत लागला.

१९९८ साली आम्ही तेथे राहत होतो आणि माझ्या पतींचे पिणे घराबाहेर कळण्याच्या थराला आले होते. ‘हिंदू’ दैनिकात शहरातील कार्यक्रमांचे एक सदर येई. कचेऱ्यांच्या वेळा पाहण्यासाठी मी ते वाचत असे. गीतेवरील प्रवचन, हरिकथा, वीणावादन यांच्या खाली एका ओळीत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीचे ठिकाण व वेळ असे, आणि कधी कधी त्याच्याजवळच नातेवाइकांसाठी असलेल्या अल्-अनॉनचे. पहिली संस्था १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून निघाली. दुसरी १९५१ साली, त्यांपैकी एकाच्या पत्नीच्या, लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने. ती ओळ मी कित्येक आठवडे वाचली आणि मग एका मंगळवारी गेले.

चर्चच्या आवारातील शाळेचा वर्ग होता. बाके लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर आलेले. आठ बायका आणि एक वृद्ध वडील. वर्गणी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारायचे नाही. आपल्याकडे ओळखीची सुरुवातच आडनावाने होते. तेव्हा ते न विचारले जाणे हेच मला प्रथम मोठे सुख वाटले. बोलणे तमिळमध्ये, मध्ये मध्ये इंग्रजीत. कोणाची ओळख पटणार नाही इतपतच सांगते. एका बाईंचा नवरा दर सोमवारी अंथरुणातून उठू शकत नसे आणि त्या दर सोमवारी त्याच्या कारखान्यात फोन करून ताप आल्याचे सांगत. गेल्या सोमवारी त्यांनी फोन केला नाही. एवढेच त्यांनी सांगितले आणि त्या खाली बसल्या. कोणी शाबासकी दिली नाही, कोणी काळजीही दाखविली नाही. मला मात्र एकदम फौजदार आठवला. सिंधूची जबानी ती हीच. फक्त येथे ती मरणाच्या दारात एकदा द्यायची नसून दर सोमवारी सकाळी नऊ वाजता द्यायची होती.

सिंधू जगली असती तर तिने काय केले असते, या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखविता येईल असे एक जीवन याच शहरात आहे. टी. टी. कृष्णमाचारी यांचे नातू टी. टी. रंगनाथन हे मद्यपाशाने १९७९ साली तरुण वयातच गेले. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संस्था काढली. अड्यार भागातील तिच्या रुग्णालयात रुग्णाबरोबर घरच्यांवरही उपचार होतात. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (राज्याची दारूनीती हा निराळाच अध्याय. राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली; २००३ पासून किरकोळ दुकाने सरकार स्वतःच चालविते.)

त्या वर्गात एक शब्द मला नवा मिळाला. बाजारात म्हणतात ‘कुडिकारन’, म्हणजे दारुडा. येथे म्हणत ‘कुडिनोयाळी’, म्हणजे पिण्याचा रोगी. मराठीतही ‘मद्यपाश’ आणि ‘मद्यपाशी’ हे शब्द या मंडळींत चालतात. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे ही कल्पना महाराष्ट्रातही बरीच रुजली. तरी पाश म्हटला की तो तोडण्याची प्रतिज्ञा आली आणि प्रतिज्ञा म्हटली की पुन्हा सुधाकर आला. रोगाला शपथ लागत नाही. मला तमिळ शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

माझे पती पलीकडच्या वर्गातील बैठकीला जाऊ लागले ते पुढच्या वर्षी. मधल्या काळात त्यांना दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. मी मात्र जातच होते. सहा महिने मी गप्प होते, कारण माझे तमिळ भाजी घेण्यापुरते आणि इंग्रजीत हे सारे दुसऱ्या कोणाचे तरी वाटे. तेव्हा एक बाई म्हणाल्या, तुम्ही मराठीत बोला, मी सांगते. त्या तंजावरच्या, व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्या मराठ्यांच्या राज्यात ज्यांचे पूर्वज स्थिरावले, अशा घराण्यातल्या. त्यांची मराठी मला जुन्या बखरीसारखी लागे, माझी त्यांना वर्तमानपत्रासारखी.

मी बोलले. मी एवढी वर्षे सोसले, असे म्हटले. ‘सोसणे’ या शब्दावर त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी ‘पोरुमै’ असा शब्द योजला. त्यात सहनशीलता येते, क्षमाही येते. दुसऱ्याच्या बोलण्यात बोलायचे नाही अशी तेथील रीत. तरीही समोरच्या बाकावरील एक वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “पोरुमै इल्लै. भयम.”

तंजावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली, आणि त्यांनी ते वाक्य नव्या शब्दासह पुन्हा सांगितले.