नट्टापट्टा

कांहीं शब्द नुसता अर्थ सांगतात. कांहीं अर्थाबरोबर निवाडाही करून मोकळे होतात. ‘नट्टापट्टा’ हा दुसऱ्या वर्गांतला.

आमच्या दुसरबीडास पोळ्याच्या दिवशीं बैलांचीं शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात. बैल ‘सजला’ असें लोक म्हणतात. मांडवांतली नवरीही ‘सजते’. फेटा नीट बांधून निघालेल्या पुरुषाची ती ‘ऐट’. पण साध्या दिवशीं मुलीनें आरशापुढें थोडा अधिक वेळ घालविला, कीं तो झाला नट्टापट्टा! आणि विधवेनें एखादें फूल माळलें, तर हाच शब्द शिवीहून जिव्हारीं लागे.

हा भेद कशाचा? बैलाला धनी सजवितो, नवरीला घरचीं माणसें. मुलगी मात्र आपल्या हौसेनें नटते. लोकांना बोंचते ती ही हौस. पुरुषाच्या हौसेला भाषेनेंच सूट दिली आहे.

नटणें, नट आणि नाटक एकाच ‘नट्’ धातूच्या कुळांतले. म्हणून नटण्याला सोंगाचा वास राहिला. पण १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्व स्त्रीवेषानें नटत, तेव्हां त्यांच्या लुगड्यांची नि दागिन्यांची धाटणी कुलीन घरांतल्या स्त्रियाही उचलीत. रंगभूमीवर जी कला, ती माजघरांत दोष कां व्हावी?

शब्द टाकावा, असें आमचें म्हणणें नाहीं. लेकीची वेणी घालतांना आई ‘चालला वाटतें नट्टापट्टा!’ म्हणते, तेव्हां त्यांत मायाच असते. शब्द तोच राहो. आपण स्वर तेवढा आईचा घ्यावा.