वल्वेट्टितुरै ते नंदिकडल

वल्वेट्टितुरैमध्ये त्या घराचा पत्ता विचारताना नाव घ्यावं लागत नाही. परका चेहरा आणि गळ्यात कॅमेरा दिसला की रिक्षावाला काय ते समजतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करतो आणि हनुवटीनं दाखवतो. समोर रान माजलेली मोकळी जागा असते, बाकी काही नाही. शेजारची घरं नांदती आहेत. ताडाच्या झावळ्यांची नि पत्र्याची कुंपणं, एका अंगणात गोणपाटावर वाळत घातलेल्या मिरच्या. श्रीलंकेच्या यादवीतल्या शस्त्रसंधीच्या काळात इथे पडकं का होईना, घर उभं होतं आणि थेट दक्षिणेतले सिंहली पर्यटकही ते बघायला यायचे. युद्ध संपल्यावर उरल्यासुरल्या भिंतीही पाडून टाकल्या.

ते घर लिट्टेचा संस्थापक वेलुपिल्लै प्रभाकरनचं. त्याचा जन्म २६ नोव्हेंबर १९५४ चा. वडील सरकारी जमीन खात्यात अधिकारी होते आणि गावातलं शिवमंदिर घराण्याच्या पूर्वजांनी बांधलेलं. भुकेकंगाल घरातला पोरगा बंदूक उचलतो, ही आपल्या सोयीची गोष्ट इथे लागू पडत नाही. पेन्शनीत निघणारा बाप, देवळाचा मान आणि चार भावंडांतलं शेंडेफळ, असं हे घर होतं.

हे गाव समजून घ्यायचं तर समुद्राकडे तोंड करून उभं राहावं. जाफन्याच्या तमिळ समाजात जमीन, शाळा आणि कोर्टकचेरी वेल्लाळांकडे, तर समुद्र करैयारांकडे, अशी जुनी वाटणी. वल्वेट्टितुरै हे करैयारांचं, दर्यावर्दी लोकांचं गाव. इथे बांधलेलं ‘अन्नपूर्णी’ नावाचं शिडाचं जहाज एका अमेरिकन माणसानं विकत घेतलं आणि गावच्याच खलाशांनी ते १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदराला पोचवलं. पाल्कची सामुद्रधुनी पोहून जाणारा कुमार आनंदनही इथलाच. पलीकडे तमिळनाडू, रात्रीतून जाऊन येण्याच्या अंतरावर. देश स्वतंत्र झाले, मधे सीमा आली आणि कालपर्यंतचा व्यापार एका रात्रीत तस्करी ठरला. धंदा काही थांबला नाही. कुट्टिमणी आणि तंगदुरै हे पहिले बंदूकधारी याच धंद्यातून आले आणि प्रभाकरन पोरवयात त्यांच्याच मागे फिरला. कापड आणणाऱ्या होड्या पुढे काय काय आणू शकतात, हे श्रीवर्धन-शेखाडीचा किनारा पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

तोवर तमिळांचं राजकारण काळ्या कोटातल्या वकिलांच्या हाती होतं. १९५६ ला ‘फक्त सिंहली’चा कायदा झाला. १९५७ ला पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळांचे नेते चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक अधिकारांचा करार झाला. भिक्खूंनी बंगल्यावर धरणं धरलं आणि वर्षभरात तो मोडीत निघाला. १९६५ ला डडली सेनानायके यांच्याशी दुसरा करार, त्याचीही तीच गत. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ मुलांना सिंहली मुलांपेक्षा जास्त गुण आणायची वेळ आली. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनियर होणार, एवढ्या एका भरवशावर जगणाऱ्या जाफन्यातल्या घरांना हा घाव थेट बसला. थकलेल्या, कंपवातानं हात थरथरणाऱ्या चेल्वनायकम यांच्या पक्षानं १४ मे १९७६ ला वड्डुकोड्डै इथे स्वतंत्र तमिळ ईलमचा ठराव केला. नऊ दिवस आधी प्रभाकरननं आपल्या टोळीला लिट्टे, म्हणजे तमिळ ईलमचे मुक्तिवाघ, हे नाव दिलं होतं. म्हाताऱ्यांच्या ठरावापर्यंत पोरं थांबली नव्हती.

पोन्नालैचं वरदराज पेरुमाळचं देऊळ वल्वेट्टितुरैहून पश्चिमेला, लाल मातीतल्या कांद्या-तंबाखूच्या शेतांमधून गेलं की लागतं. २७ जुलै १९७५ ला जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा इथे दर्शनाला आले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रभाकरन तेव्हा वीस वर्षांचा होता. दुरैअप्पा कोलंबोच्या सत्ताधारी पक्षाचे, म्हणून तरुणांच्या लेखी द्रोही. आदल्या वर्षी जानेवारीत जागतिक तमिळ परिषदेत पोलिसांच्या कारवाईनंतर माणसं दगावली होती, त्याचा रागही त्यांच्यावर निघाला. माझा ड्रायव्हर देवळाबाहेर गाडी लावून हातपाय धुऊन आत जाऊन आला, कपाळाला गंध लावून. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “अण्णा, पहिली गोळी आमच्याच माणसाला.” त्याच्या बोलण्यात तक्रार होती की नुसती माहिती, ते मला कळलं नाही.

ती पहिली गोळी पुढे रीत होऊन बसली. ‘टेलो’ या प्रतिस्पर्धी गटाचे श्री सबारत्नम १९८६ मध्ये, तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीचे अमृतलिंगम १९८९ मध्ये, ‘ईपीआरएलएफ’चे पद्मनाभ १९९० मध्ये चेन्नईत, घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम १९९९ मध्ये. सगळे तमिळ. जाफना विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिका रजनी तिरणगम यांनी सरकार, भारतीय सेना आणि वाघ या तिघांचेही अत्याचार नोंदवले होते. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना मारलं. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तर प्रांतातल्या ७०,००० वर मुसलमानांना घराबाहेर काढलं. जाफना शहरात तर अवघ्या दोन तासांची मुदत होती. हेही तमिळच बोलणारे लोक. शहरातल्या मूर स्ट्रीटवर आज मशिदीत नमाज होते आणि दोन घरं सोडून तिसऱ्याच्या भिंतीतून वडाचं झाड वर आलेलं असतं.

जाफन्याचं वाचनालय पांढरंशुभ्र, घुमटाचं, नव्यानं बांधलेलं. १९८१ च्या जूनच्या सुरुवातीला पोलिसांसह आलेल्या जमावानं जुनी इमारत जाळली, तेव्हा सुमारे ९७,००० पुस्तकं आणि ताडपत्रांवरच्या पोथ्या गेल्या. कोलंबोचे मंत्री त्या वेळी शहरातच मुक्कामाला होते. या आगीनं लिट्टेला जितकी पोरं मिळवून दिली, तितकी कुठल्या भाषणानं दिली नसतील, आणि १९८३ च्या जुलैनं त्याच्या कितीतरी पट. तिरुनेल्वेलीला दबा धरून वाघांनी १३ सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची शिकार झाली. वेलिकडा तुरुंगात कुट्टिमणी-तंगदुरैना कैद्यांनी ठेचून मारलं. वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर शहराचं मोठं क्रीडांगण आहे. त्याचं नाव दुरैअप्पा स्टेडियम. ते नाव वाघांच्या राज्यातही टिकलं. ज्यानं त्यांना मारलं त्याच्या नावाची पाटी मात्र या अख्ख्या द्वीपकल्पात कुठे अधिकृतपणे लागलेली नाही.

प्रभाकरनच्या पाठलागाची गोष्ट मात्र निम्मी आपल्या देशात घडते. घरच्या आल्बममधले आपले फोटो त्यानं आधीच काढून घेतले होते, असं सांगतात. श्रीलंकेच्या पोलिसांना बराच काळ त्याचा चेहराच ठाऊक नव्हता. १९ मे १९८२ ला चेन्नईच्या पाँडी बाजारात त्यानं प्रतिस्पर्धी उमा महेश्वरनवर गोळ्या झाडल्या आणि तो आयता पोलिसांच्या हाती लागला. कोलंबोनं ताबा मागितला, तमिळनाडूतले पक्ष आडवे आले, जामीन झाला, पुढे तो निसटला. मग इंदिरा गांधींच्या काळात भारतीय गुप्तचरांनी या सगळ्या संघटनांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचा तर त्याच्यावर विशेष लोभ. ते स्वतः जन्मानं कँडीचे. मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या लष्करानं वल्वेट्टितुरैचा पट्टा घेतला, गडी तावडीत सापडतो की काय अशी वेळ आली, आणि ४ जूनला भारतीय विमानांनी जाफन्यावर मदतीची पाकिटं टाकली. मोहीम थांबली. चार महिन्यांनी त्याच माणसाला पकडायला भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना म्हणून आलेलं आपलंच सैन्य निघालं. दिल्लीच्या धोरणाला एवढी मोठी चपराक दुसरी कुठली बसली असेल, मला आठवत नाही.

११ ऑक्टोबरच्या रात्री लिट्टेचे म्होरके उचलण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले. वाघांना सुगावा होता. शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतल्या ३० पैकी २९ जण मारले गेले. आज त्या आवारात पोरंपोरी वह्या छातीशी धरून फिरत असतात.

मला जायचं होतं कंदरोडैला. ताडांच्या बनात, तारेच्या कुंपणाआड, प्रवाळाच्या दगडातले ठेंगणे ठेंगणे स्तूप तिथे दाटीवाटीनं उभे आहेत. काहींची उंची माझ्या खांद्यापर्यंतही नाही. सिंहली म्हणतात हे आमच्या पूर्वजांचे, तमिळ म्हणतात तमिळही एके काळी बौद्ध होते, त्यांचे. पुरातत्त्वाचा हा वादसुद्धा इथे जमिनीच्या मालकीचा वाद असतो. याच कंदरोडै भागात २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या ८ महार बटालियनच्या तुकडीवर वाघांनी घात लावला. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्या बंडखोराची रायफल हिसकावून त्याला मारलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शांतिसेनेतलं ते एकमेव. महार रेजिमेंटमधल्या अनेकांच्या घरी बुद्धाची तसबीर असते. अंधारात लढलेल्या त्या जवानांना या स्तूपांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

शांतिसेनेचे १,२०० च्या आसपास जवान इथे गेले. पलालीला आणि कोलंबोजवळ त्यांची स्मारकं आहेत, आपण तिथे फुलं वाहतो. पण जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले, ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरैमध्ये पन्नासहून जास्त नागरिक मारले गेले, हेही इथल्या लोकांना पाठ आहे. हॉटेलच्या गल्ल्यावरच्या आजोबांनी मी भारतातला म्हणून आधी रजनीकांतची चौकशी केली, मग रुग्णालयाचा विषय काढला. मी चहा घेत ऐकत राहिलो.

दक्षिणेकडे जाणारा ए-९ रस्ता एलिफंट पासला चिंचोळा होतो. दोन्हीकडे खाजण, मिठागरं, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. १९९१ मध्ये वाघांनी इथल्या तळावर चिलखत चढवलेला बुलडोझर घातला, तो एका सैनिकानं अंगावर झेपावून थांबवला. तो बुलडोझर आज गंजून स्मारक झाला आहे. दक्षिणेतून आलेल्या शाळांच्या सहली त्याच्यापुढे फोटो काढतात. त्याच तळावर वाघांनी २२ एप्रिल २००० ला ताबा मिळवला, तेव्हा तो जिंकणं अशक्य मानलं जात होतं. त्या विजयाचं चिन्ह मात्र आता कुठेही नाही.

किलिनोच्ची ही लिट्टेची राजधानी. इथे त्यांची कोर्टं होती, पोलीस होते, बँक होती. एके काळी घड्याळही कोलंबोपेक्षा वेगळं चालायचं. एप्रिल २००२ मध्ये जगभरचे पत्रकार इथे जमले आणि प्रभाकरन बारा वर्षांनी त्यांच्यासमोर बसला. राजीव गांधींच्या हत्येवरच्या प्रश्नाला ‘दुःखद घटना’ एवढंच उत्तर मिळालं. हातात उत्तरेचा मोठा भाग होता, नॉर्वे मध्यस्थ होता, कोलंबोत बोलायला तयार असलेलं सरकार होतं. माझ्या मते त्याचा पराभव रणांगणावर नंतर झाला, आधी इथे झाला. २००४ मध्ये पूर्वेचा सेनापती करुणा फुटला. २००५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वाघांनी तमिळांना मत देऊ दिलं नाही. जाफना जिल्ह्यात दीड टक्काही मतदान झालं नाही. वाटाघाटीवाले रनिल विक्रमसिंघे जेमतेम १,८०,००० मतांनी पडले, महिंदा राजपक्षे आले, आणि साडेतीन वर्षांत सगळं आटोपलं. आपला मारेकरी त्यानं आपणच निवडून आणला. त्याला हे समजावून सांगू शकले असते असे तमिळ राजकारणी एव्हाना मातीत गेले होते.

परंतनला पूर्वेकडे वळून मुल्लैतीवूचा रस्ता धरला की गावं विरळ होतात. पुदुक्कुडियिरुप्पूला पाण्यात उभारलेला लष्कराचा विजयस्तंभ, हातात बंदूक आणि झेंडा घेतलेला सैनिक. प्रभाकरनची जमिनीखालची बहुमजली खंदकवजा बंगली काही वर्षं पर्यटकांना दाखवत. २०१३ मध्ये तीही सुरुंग लावून उडवली. जाफन्याजवळ कोपायला वाघांच्या कबरी होत्या, त्यांवर बुलडोझर फिरवून लष्करानं छावणी बांधली. मेलेल्या शत्रूचीही इतकी धास्ती घेतलेलं दुसरं सरकार माझ्या पाहण्यात नाही.

मुल्लिवाय्क्काल म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदिकडलचं खाजण आणि मधे वाळूची पट्टी. एप्रिल-मे २००९ मध्ये इथे लाखाच्या वर माणसं कोंडली होती. सरकारनं ज्याला गोळीबारमुक्त क्षेत्र म्हटलं त्यावरच तोफा डागल्या. वाघांनी पळून जाणाऱ्यांवर गोळ्या घातल्या आणि घराघरांतून मुलं ओढून नेली. मेलेल्या नागरिकांचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये म्हटलं. तिकडे चेन्नईत करुणानिधी २७ एप्रिलला सकाळी उपोषणाला बसले आणि दुपारी उठले. भारतात लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या. १६ मेला आपले निकाल लागले, १९ मेला नंदिकडलच्या काठी प्रभाकरनचा मृतदेह दाखवला गेला. गंमत पाहा, ज्या सरत फोन्सेकांनी ही मोहीम जिंकली, तेच आठ महिन्यांनी राजपक्षेंविरुद्ध उभे राहिले तेव्हा जाफन्यानं जास्त मतं त्यांनाच दिली. राजपक्षेंना पाडायचं तर दुसरा उमेदवार नव्हता.

खाजणात आता कोळंबी मिळते. वट्टुवाकलच्या अरुंद पुलावर दोन पोरं जाळी झटकत होती; समोरून गाडी आली की एकाला मागे हटावं लागतं, असा तो पूल. दरवर्षी १८ मेला इथे मीठ घातलेली तांदळाची पेज वाटतात, कारण शेवटच्या दिवसांत तेवढंच खायला होतं. ती पेज वाटण्यावरूनही पोलिसांशी खटके उडतात.

परतताना ड्रायव्हरशी निवडणुकांवर बोलणं निघालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाफन्याच्या सहापैकी तीन जागा दक्षिणेतल्या पक्षानं जिंकल्या, हे त्याच्या वडिलांना अजून पटलेलं नाही. त्यानं स्वतः कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही. मी प्रांतिक परिषदेचं विचारलं. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून हाती आलेली ती मुख्य वस्तू. त्यासाठीच आपलं सैन्य इथे आलं होतं. वेगळ्या उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक झाली ती एकदाच, २०१३ मध्ये. मुदत २०१८ च्या ऑक्टोबरात संपली, आणि तेव्हापासून कारभार कोलंबोनं नेमलेला राज्यपाल बघतो.